एकच शिवार, बारा महिने: ऋतूंच्या चालीने ग्रामीण निसर्गाचे फोटो कसे काढावेत

नवा कॅमेरा हातात आला की माणूस आधी लांबचं, नावाजलेलं ठिकाण गाठतो. तिथे एकदाच जातो, मिळेल त्या उजेडात शंभर-दोनशे फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो तर सगळे सपाट. शिकायचं असेल तर याच्या उलट वाट धरावी. राहत्या घरापासून चालत किंवा सायकलवर पंधरा-वीस मिनिटांत गाठता येईल असं एक साधंसं शिवार निवडावं आणि वर्षभर तिथेच जावं. जागा तीच राहिली की बदलतो तो उजेड, हवा आणि पीक. मग फोटो फसला तर नेमका कशामुळे फसला ते लगेच ध्यानात येतं.

जागा हेरणं

पहिल्या फेरीला कॅमेरा नेऊ नका. भर दुपारी जा आणि नुसतं फिरा. जागेत चार गोष्टी आहेत का बघा: पूर्वेला किंवा पश्चिमेला मोकळं आकाश, नजर ठरेल अशी एक एकटी वस्तू (झाड, गोठा, विहीर, खांब), नजरेला आत नेणारी एखादी रेघ (बांध, पायवाट, कुंपण, सरी) आणि जमलं तर थोडं पाणी. चारांपैकी तीन मिळाल्या तरी वर्ष निघतं. जागेचा मालक कोण आहे हे याच फेरीत विचारून घ्या. पुढे पहाटेच्या अंधारात बॅटरी घेऊन फिरताना ती ओळख कामी येते.

नवखे हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे सूर्य रोज त्याच जागी उगवत नाही. विषुववृत्तावर वर्षभरात उगवतीची जागा क्षितिजावर साधारण ४७ अंश सरकते आणि ५० अक्षांशावर सुमारे ७६ अंश. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते, म्हणजे पाच मुठींपासून साडेसात मुठींपर्यंतचा हा फरक आहे. आज झाडाच्या बरोबर मागून वर आलेला सूर्य तीन महिन्यांनी गोठ्याच्या छपरावर असेल. म्हणून वहीत शिवाराचा कच्चा नकाशा काढा आणि महिन्यातून एकदा उगवतीची व मावळतीची खूण त्यावर करा. ॲपवरही हे दिसतं, पण हाताने केलेल्या खुणा डोक्यात पक्क्या बसतात.

सामान, थोडक्यात

हाताने सेटिंग बदलता येईल असा कुठलाही कॅमेरा चालेल. त्याच्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची लेन्स (आकडा लहान तितका कोन रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ) आणि पुढे जमेल तेव्हा ५५-२०० किंवा तिच्या आसपासची एक झूम लेन्स, एवढ्यावर वर्ष निघतं. हलता नसलेला ट्रायपॉड, एक पोलरायझर फिल्टर, दाबून धूळ उडवायचा हवेचा रबरी फुगा, दोन मऊ फडकी, जादा बॅटरी आणि तोंड बांधता येईल अशा दोन जाड प्लास्टिक पिशव्या घ्या. पिशव्यांना कमी लेखू नका, त्या का लागतात ते पुढे येईलच.

निसर्गाचे फोटो म्हणजे रुंद कोनाची लेन्स, हा समज मात्र सुरुवातीलाच काढून टाका. १८ मिमीवर समोरचं गवत मोठं होतं आणि डोळ्यांना भव्य वाटलेली टेकडी बोटभर उरते. शिवाराचे थर, म्हणजे एकामागे एक बांध, झाडांच्या रांगा, मागचा डोंगर, एकत्र दाटीने दाखवायचे असतील तर ७० ते १५० मिमी जास्त उपयोगी पडते.

मोबाइलवर काढत असाल तर लेन्स पुसा, बोटांनी ताणून मोठं करण्याऐवजी चालत पुढे जा, पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा आणि मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. आकाश पांढरंफटक पडत असेल तर निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते.

सुरुवातीची सेटिंग

फाइल रॉ ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद जशीच्या तशी राहते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनवर कायम ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्स पहाटेचा निळेपणा आणि संध्याकाळचा पिवळेपणा ‘चूक’ समजून दुरुस्त करायला जातो, आणि ऋतूंचा फरक तर नेमका त्याच रंगांत असतो. रॉमध्ये हे नंतर बदलता येतं, हे खरं. तरी पडद्यावर खोटा रंग दिसला की जागेवरचे निर्णय चुकतात.

ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो), एफ ८ (आकडा मोठा तितकं तोंड लहान), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ४००. छोट्या सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर एफ ११ च्या पुढे आणि फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, एफ १६ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना पसरण्यामुळे) बारीक तपशील मऊ पडायला लागतात. त्यामुळे ‘सगळं धारदार हवं’ म्हणून एफ २२ लावणं उलट महागात पडतं. छोट्या सेन्सरवर १८ मिमी आणि एफ ८ असताना दोन-सव्वादोन मीटरवर फोकस केलं, तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर २४ मिमी आणि एफ ११ ला जवळपास तोच हिशेब लागतो. दोन मीटर म्हणजे सरासरी उंचीच्या माणसाची अडीच-तीन पावलं. क्षितिजावर फोकस केलं की पायाजवळचं गवत वाया जातं.

कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप असं गृहीत धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. म्हणून तो बर्फ आणि धुकं मळकट करून टाकतो, तर नुकतीच नांगरलेली काळी ओली जमीन फिकी. उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याच्या सोयीत आहे (आकडे स्टॉपचे, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा): धुक्याला अधिक २/३ ते १, बर्फाला अधिक १ ते २, ओल्या काळ्या मातीला उणे २/३. दर वेळी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. उजवी कड भिंतीला टेकली असेल तर आकाशातला तपशील गेला, आणि तो नंतर परत येत नाही.

वेळ

सूर्योदयाआधी ४५ मिनिटं जागेवर हजर असा. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर येतो तेव्हापासून डोळ्यांना कामापुरतं दिसू लागतं आणि आकाशाचा निळा रंग जमिनीवर उतरतो. तिथून सूर्य ६ अंश वर येईपर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा. हा काळ किती टिकेल हे अक्षांशावर ठरतं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ वर चढतो, तासाला १५ अंश. म्हणजे ६ अंशांना २४ मिनिटं लागतात. ध्रुवांकडे जावं तसा तो तिरका चढतो आणि सोनेरी ऊन तासभर किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतं. कमी अक्षांशावर राहणाऱ्याने ट्रायपॉड आणि चौकट उजाडायच्या आत ठरवून ठेवायलाच हवी. उन्हं आल्यावर जागा शोधत बसलात तर तोवर ती चढलेली असतात.

पावसाचे दिवस

पाऊस पडत असताना तो फोटोत दिसत नाही, ही पहिली तक्रार. थेंब दिसायला मागे गडद काहीतरी हवं, दाट झाडी किंवा गोठ्याचं काळं दार, आणि उजेड बाजूने किंवा समोरून यायला हवा. शटर १/६० ते १/१२५ सेकंद ठेवलं तर धारा दिसतात, १/१००० ला त्याच धारांचे ठिपके होतात. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर जवळचे थेंब पांढऱ्या टिकल्यांसारखे उठतात.

खरं काम असतं ते पाऊस उघडल्यावरच्या अर्ध्या तासात. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसतात. या वेळी हिरवा रंग मात्र फिका का येतो? ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चकाकी बसते म्हणून. पोलरायझर फिरवत राहा, चकाकी उतरली की खालचा हिरवा वर येतो. हा फिल्टर सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त काम करतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा, अंगठा दाखवेल त्या सगळ्या दिशा कामाच्या. दोन सावधगिरीच्या गोष्टी: हा फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो, आणि रुंद लेन्सवर निळ्या आकाशात मधेच गडद पट्टा उमटवतो. २४ मिमीपेक्षा रुंद कोनात निळं आकाश घेत असाल तर तो काढून ठेवा.

इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या बरोबर उलट दिशेला, ४२ अंशांच्या वर्तुळावर असतं. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसतच नाही, म्हणून ते सकाळी-संध्याकाळी शोधावं. पूर्ण कमान एका चौकटीत बसवायला फुल फ्रेमवर सुमारे २० मिमी किंवा त्याहून रुंद लेन्स लागते. पोलरायझर लावलेला असेल तर तो हळूहळू फिरवा. एका स्थितीत धनुष्य ठळक होतं आणि दुसऱ्या स्थितीत चक्क पुसलं जातं.

विजेचे फोटो फक्त पक्क्या घरातून किंवा काचा बंद केलेल्या मोटारीतून काढावेत. रात्री आयएसओ १००, एफ ८, शटर १० ते २० सेकंद, आणि एकामागे एक फोटो घेत राहायचे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. उघड्या शिवारात ट्रायपॉड लावून उभं राहण्याची ती वेळ नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबावं.

दमट हवेत आणखी एक गोष्ट छळते. थंड खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. पुसत बसलं की ती पुन्हा धरते, आणि त्याच वेळी लेन्स बदलली तर ओल आत जाते. निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या हवेत ठेवा. एरवी तो हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली की लेन्सवर बुरशी धरत नाही.

धुकं, दव आणि थंडी

धुक्याची चाहूल आदल्या संध्याकाळी लागते. जमीन ओली, आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि हवामानाच्या अंदाजात तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) यांत दोन-तीन अंशांचाच फरक, असं असेल तर गजर लावून झोपा. धुकं सखल भागात साचतं, तेव्हा थोड्या उंचीवर उभं राहून खाली बघावं. धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे धावत राहतो, कारण त्याला फरक पकडायला काही सापडतच नाही. जवळच्या गडद खोडावर किंवा खांबावर फोकस घेऊन मग ते मॅन्युअलवर टाका. अगदी दाट धुक्यात घाई नको. सूर्य वर आल्यावर ते विरायला लागतं, थरांत फाटतं, मधूनच तिरीप येते. चौकटी खऱ्या तेव्हा मिळतात.

दवाने लगडलेलं कोळ्याचं जाळं सगळ्यांना काढावंसं वाटतं आणि बहुतेकांच्या फोटोत ते राखाडी चिंधीसारखं दिसतं. असं करून बघा. जाळं तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असं उभं राहा, पण सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असू द्या. आता अंगाची उंची बदलत खाली बसा, जोवर जाळ्यामागे सावलीतलं झुडूप किंवा बांधाची काळी बाजू येत नाही तोवर. मागे आकाश आलं की थेंब दिसेनासे होतात, मागे अंधार आला की प्रत्येक थेंब उजळतो. कॅमेऱ्याची मागची बाजू जाळ्याला अगदी समांतर धरा, नाहीतर एक कोपरा धारदार आणि दुसरा धूसर येतो. एफ ८, १/२५० आणि फोकस हाताने. जाळं झुळकीनेही हलतं, म्हणून लागोपाठ दहा-बारा फोटो घ्या, त्यात एखादा स्थिर निघतो. श्वास मात्र त्यावर सोडू नका.

कडाक्याच्या थंडीत गवतावर हिम धरतं, ते ऊन लागल्यावर काही मिनिटांत जातं. पण सावलीत टिकतं. त्यामुळे कुंपणाची किंवा झाडाची सावली काही क्षण जमिनीवर पांढऱ्या आकृतीसारखी उरते. ऊन सरकतं तशी तिची एक कड वितळत जाते. असे क्षण नोंदवायला ट्रायपॉड एकाच जागी ठेवून मिनिटाला एक फोटो घ्यावा.

बर्फ पडतो अशा भागात पाऊल टाकण्याआधी चौकट ठरवा. स्वतःच्याच पावलांनी खराब झालेला पुढचा भाग दुरुस्त होत नाही. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी आणि दर थोड्या वेळाने अदलाबदल करावी. परतताना दाराच्या बाहेरच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तासभर तो उघडू नका. म्हणजे वाफ पिशवीवर धरते, कॅमेऱ्यावर नाही. कार्ड आधी काढायचं कारण सरळ आहे: फोटो बघायची घाई झाली की माणूस पिशवी उघडतोच.

पानगळ

रंगीत पानांना कडक ऊन सोसत नाही. ढगाळ दिवस बरा, पाऊस पडून गेला असेल तर आणखी बरा. ऊन असेलच तर पानांच्या पलीकडून येणारं घ्या, पानं आतून उजळल्यासारखी दिसतात. पानं झडून गेल्यावर बरेच जण कॅमेरा ठेवून देतात, आणि झाडाचा सांगाडा तर तेव्हाच दिसतो. एकटं झाड, मागे फिकट आकाश आणि उणे १ एक्स्पोजर, एवढ्यावर सुंदर काळी आकृती मिळते.

ऊन आणि धूळ

तापलेल्या दिवसांत दुपारी लांबच्या लेन्सने काढलेले फोटो मऊ येतात आणि लोक लेन्सला दोष देतात. जमिनीलगतची तापलेली हवा थरथरत असते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो. महागडी लेन्सही त्यावर काही करू शकत नाही. लांबची दृश्यं सकाळच्या पहिल्या तास-दीड तासात उरका. दुपारी जवळचं बघा: भेगाळलेली माती, वाळलेली कणसं, सावलीला दाटीने उभी असलेली गुरं. नांगरटीची ढेकळं मात्र पुन्हा तिरक्या उन्हातच काढावीत, डोक्यावरच्या उन्हात त्यांची सावली पडत नाही आणि जमीन सारवल्यासारखी सपाट दिसते.

मळणीच्या वेळी उडणारं भूस समोरून येणाऱ्या उन्हात सोन्यासारखं चमकतं. पण तेच भूस सेन्सरवर बसतं. तिथे लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. घरी आल्यावर आधी फुगा मारा, मग फडकं. धूळ न उडवता थेट पुसलं तर तेच कण काचेवर ओरखडे पाडतात. सेन्सरवर डाग आहेत का हे बघायला एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या, असतील तर काळसर ठिपके लगेच दिसतील.

माणसं, गुरं, पाखरं

काम करणाऱ्या माणसाला आधी विचारा, मग कॅमेरा वर करा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारा. उभ्या पिकातून चालू नका, बांधावरून जा, आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे व्हा. ‘जरा पुन्हा करून दाखवा’ असं म्हणणं टाळावं. शेतातली कामं तीच तीच असतात, दोन मिनिटं थांबलात तर तीच हालचाल आपोआप परत येते. चालतं माणूस किंवा जनावर १/२५० ला स्थिर येतं, विळ्याचा फटका १/५०० ला, पळतं जनावर १/१००० ला. धान्य वाऱ्यावर उधळताना ते सर्वांत वर पोचतं तेव्हा क्षणभर थबकतं, तिथे १/२५० पुरतं आणि आकारही सर्वांत चांगला मिळतो.

कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. उभ्याने खाली बघून काढलेल्या फोटोत मेंढरू म्हणजे नुसती पाठ. गाय आणि वासरू यांच्या मधे कधीही जाऊ नका. चालत्या यंत्राच्या मागे उभं राहू नका, चालकाला तुम्ही दिसत नसता.

नांगरामागे किडे टिपायला बगळे जमतात. मागे काळी माती असेल तर कॅमेरा अंधार समजून पांढरा पक्षी फिका करून टाकतो, म्हणून उणे २/३ ते १. उडता पक्षी हवा असेल तर १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर आणि लागेल तेवढा आयएसओ. किंचित दाणेदार पण धारदार फोटो केव्हाही चालतो. घरट्यांच्या जवळ जाऊ नका आणि त्यांचं नेमकं ठिकाण फोटोबरोबर जाहीर करू नका.

वर्षभराची एकच चौकट

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये घराजवळच्याच गवताच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या, उजेड बदलला की कॅनव्हास बदलून. कॅमेऱ्याने तेच करायला शिस्त लागते.

पहिल्या दिवशी ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी जमिनीत न हलणारी खूण शोधा, दगडाचा कोपरा किंवा पुलाचा कठडा. लेन्सची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहा. मधला दांडा वर काढू नका, त्याने उंची बदलते आणि थरथरही वाढते. झूम आकड्याच्या खुणेवर ठेवा, मधेच कुठेतरी नको. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद करा. मग चौकटीत जवळची एक आणि लांबची एक वस्तू एकमेकींना कुठे टेकतात ते टिपून ठेवा, जसं की खांबाचं टोक डोंगराच्या कडेला नेमकं कुठे लागतं. पुढच्या वेळी ते टोक सरकलेलं दिसलं तर ट्रायपॉड बाजूला गेलाय, आणि कॅमेरा नुसता वळवून ते जुळणार नाही, पूर्ण ट्रायपॉड उचलून हलवावा लागेल. नव्याने करणाऱ्यांची निम्मी मालिका इथेच बिघडते. पहिल्या फोटोची छोटी छापील प्रत बरोबर ठेवली की हे जुळवणं दोन मिनिटांचं काम होतं.

दर दहा-पंधरा दिवसांनी एक फोटो पुरे, पण पेरणी, पहिला पाऊस, कापणी आणि नांगरट या वेळा चुकवू नका. मधे झाड तोडलं गेलं किंवा नवं कुंपण उभं राहिलं तर चौकट बदलू नका, तेही येऊ द्या. फाइलच्या नावाची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने करा, म्हणजे संगणक त्या आपोआप ओळीने लावतो. प्रती दोन ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि दुसरी डिस्क कॅमेऱ्याच्या पिशवीत नको.